मागे मत नसलेलं मंत्रिपद : फिजीच्या आयरीन जय नारायण, एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

1970 च्या घटनेखाली फिजीतला मतदार केंद्रावर गेला की चार मतं देऊन बाहेर पडायचा. पहिलं मत ‘सामुदायिक’ जागेसाठी, आपापल्या समाजाच्या उमेदवाराला. भारतीयाने भारतीयाला द्यायचं, इतौकेई म्हणजे मूळ फिजीयनाने फिजीयनाला, आणि युरोपीय, चिनी, मिश्र वंशाच्या लोकांनी ‘जनरल’ उमेदवाराला. बाकीची तीन मतं ‘राष्ट्रीय’ जागांसाठी. त्या जागेवरचा उमेदवार कोणत्या समाजाचा हे आधीच ठरलेलं असे, पण त्याला मत मात्र सगळ्या समाजांनी मिळून द्यायचं. सभागृहात 52 जागा होत्या : 22 फिजीयन, 22 भारतीय, 8 जनरल. भारतीयांच्या 22 पैकी 12 सामुदायिक आणि 10 राष्ट्रीय, फिजीयनांचंही तसंच.

हा हिशोब आधीच मांडायला हवा, कारण आयरीन जय नारायण यांच्या कारकिर्दीतल्या प्रत्येक वळणाचं कारण याच आकड्यांत सापडतं.

नारायणबाईंचा जन्म 1932 चा, लखनौचा. 1959 मध्ये लग्न करून त्या फिजीत आल्या. यजमान राजधानी सुव्यातले नावाजलेले मुख्याध्यापक. बाईंनीही तिथल्या शाळांत शिकवलं. 1879 ते 1916 या काळात गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, साठ हजारांवर भारतीय मजूर फिजीच्या उसाच्या मळ्यांत नेले गेले. फिजीतला भारतीय मतदार बहुतांश त्यांच्या नातवंडा-पतवंडांचा, आणि बाई मात्र थेट भारतातून आलेल्या. फिजी हिंदीचा पाया अवधीचा आहे, त्यामुळे मतदारांच्या भाषेचं माहेर आणि उमेदवाराचं माहेर एकच, हा एक गमतीचा योग.

फिजीत स्त्रियांना मताधिकार मिळाला 1963 मध्ये. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1966 च्या विधान परिषदेच्या निवडणुकीत, ए. डी. पटेल यांच्या फेडरेशन पक्षाने बाईंना सुव्याच्या भारतीय मतदारसंघातून उभं केलं. पक्षाने भारतीयांच्या नऊच्या नऊ सामुदायिक जागा जिंकल्या, त्यांतली एक बाईंची. सप्टेंबर 1967 मध्ये घटनेच्या प्रश्नावर या नऊ जणांनी सभात्याग केला, पुढच्या बैठकांना गैरहजर राहिले आणि नियमाप्रमाणे त्यांच्या जागा रिकाम्या झाल्या. 1968 च्या पोटनिवडणुकांत नऊही जण पूर्वीपेक्षा मोठ्या मताधिक्याने परत आले. बाईंच्या राजकारणाचा पहिला धडा हा होता : सभागृहाबाहेर पडलात तरी मतदार मागे असेल तर पुन्हा आत येता येतं. वीस वर्षांनी याच धड्याची उलटी बाजू त्यांच्या वाट्याला आली.

1977 : सत्ता दारापर्यंत आली तेव्हा

1987 च्या आधी 1977 पाहिल्याशिवाय हे प्रकरण कळत नाही.

मार्च-एप्रिल 1977 च्या निवडणुकीत साकेआसी बुटाद्रोका यांच्या फिजीयन नॅशनलिस्ट पक्षाने फिजीयन सामुदायिक मतांचा जवळजवळ चौथा हिस्सा खाल्ला. जागा त्यांना एकच मिळाली, पण पंतप्रधान रातू मारा (‘रातू’ ही सरदारांची उपाधी) यांच्या अलायन्स पक्षाच्या पायाखालची वाळू सरकली. निकाल लागला : नॅशनल फेडरेशन पक्ष (एनएफपी, म्हणजे जुन्या फेडरेशन पक्षाचंच पुढचं रूप) 26, अलायन्स 24, नॅशनलिस्ट 1, अपक्ष 1. स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच भारतीयांचा पक्ष सर्वांत मोठा ठरला होता.

आणि नेमकं तेव्हाच पक्षाला आपला नेता ठरवता येईना. सिद्दीक कोया नेते होते, पण त्यांच्या हाती पंतप्रधानपद द्यावं की नाही यावर आमदारांत दोन तट पडले. दिवस वाया गेले. अखेर कोयांची निवड झाली आणि ते शपथेच्या तयारीने गव्हर्नर जनरल रातू सर जॉर्ज काकोबाऊ यांच्याकडे गेले, तोवर काकोबाऊंनी मारांना सरकार बनवायला सांगितलं होतं. मारांचं अल्पमतातलं सरकार थोड्याच महिन्यांत अविश्वास ठरावाने पडलं आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा निवडणूक लागली.

या वेळी एनएफपी दोन चिन्हांवर लढली. फुलाचा गट जय राम रेड्डी आणि नारायणबाईंचा, कबुतराचा गट कोयांचा. फुलाला 12 जागा, कबुतराला 3. अलायन्स 36 वर. भावकीच्या भांडणात शेत शेजाऱ्याच्या घशात जावं, तसंच झालं.

बाईंच्या बाजूने पाहिलं तर गट म्हणून त्या जिंकल्या होत्या. पण एप्रिलमधली संधी कोणी घालवली याचं बोट कोयांच्या माणसांनी कायम त्यांच्यासारख्यांकडेच दाखवलं. पुढे पक्ष पुन्हा एकत्र आला, 1982 मध्ये एनएफपीच्या आघाडीने 24 जागा मिळवल्या, अलायन्सने 28. तरी 1977 ची जखम आतून भरली नव्हती. रेड्डी नेतेपदावरून बाजूला झाल्यावर 1984 मध्ये कोया परत आले, पुन्हा खटके उडाले, आणि बाई पक्षाबाहेर पडल्या. 1987 ची निवडणूक त्यांनी ज्या पक्षाला वीस वर्षं विरोध केला त्या अलायन्सच्या तिकिटावर लढवली, सुव्याच्या भारतीय राष्ट्रीय जागेवर.

अलायन्सला त्या का हव्या होत्या? 1972 मध्ये अलायन्सला भारतीय सामुदायिक मतांचा जेमतेम चौथा हिस्सा मिळाला होता आणि पुढे तोही घसरला. सामुदायिक जागा हातच्या जाणार हे धरूनच चालायचं. पण राष्ट्रीय जागेवर फिजीयन आणि जनरल मतदारही भारतीय उमेदवाराला मत देतात. तिथे ओळखीचा, विश्वासाचा भारतीय चेहरा दिला तर थोडी भारतीय मतं आणि स्वतःची फिजीयन मतं मिळून जागा निघते. वीस वर्षं सुव्यात निवडून आलेल्या बाई म्हणजे या गणितातला नेमका चेहरा. बाईंच्या बाजूनेही हिशोब चुकीचा नव्हता : सामुदायिक जागेवर अलायन्सचा उमेदवार म्हणून उभं राहणं म्हणजे हमखास पराभव.

चुकलं ते वेगळ्याच ठिकाणी. 1985 मध्ये फिजी लेबर पक्ष निघाला होता आणि त्याने एनएफपीशी आघाडी केली. डॉ. तिमोदी बावाद्रा हे फिजीयन नेते पुढे होते, त्यामुळे शहरी फिजीयन मतदारांपैकी काही जण अलायन्सकडून सरकले. 1982 चा 28–24 हा निकाल उलटून 24–28 झाला. म्हणजे फक्त चार जागा इकडच्या तिकडे गेल्या. सुवा शहर आणि लगतच्या आग्नेय भागातल्या राष्ट्रीय जागांनीच सरकार बदललं. बाईंची जागा त्या पट्ट्यातली. त्या हरल्या.

अडचण

13 एप्रिल 1987 ला बावाद्रा पंतप्रधान झाले. 14 मे ला, सकाळी दहाच्या सुमारास, सुव्यातल्या सभागृहात मुखवटे घातलेले सैनिक शिरले. प्रेक्षक सज्जात साध्या कपड्यांत बसलेले लेफ्टनंट कर्नल सितिवेनी राबुका खाली उतरले आणि सरकारी बाकांवरच्या सदस्यांना ट्रकमधून नेण्यात आलं. 14 मे ही तारीख फिजीतल्या भारतीयांना आधीपासूनच पाठ होती. 1879 मध्ये याच दिवशी ‘लिओनिदास’ हे गिरमिटियांचं पहिलं जहाज फिजीला लागलं होतं.

मधल्या काळात एक दार किलकिलं झालं. सप्टेंबरमध्ये देऊबा इथे अलायन्स आणि बावाद्रांची आघाडी यांच्यात गव्हर्नर जनरलच्या देखरेखीखाली दोन्ही बाजूंचं काळजीवाहू सरकार नेमण्याचं ठरलं. दोनच दिवसांनी, 25 सप्टेंबरला, राबुकांनी दुसरं बंड केलं. 7 ऑक्टोबरला फिजी प्रजासत्ताक जाहीर झालं. फिजी डॉलरचं दोनदा अवमूल्यन झालं होतं. रविवारी व्यापार, खेळ, सार्वजनिक वाहतूक बंद करणारा वटहुकूम निघाला. दुकानं आणि टॅक्सीवर पोट असणाऱ्या भारतीयांना तो थेट झोंबणारा होता. 5 डिसेंबर 1987 ला रातू सर पेनाया गानिलाऊ राष्ट्राध्यक्ष आणि रातू मारा पंतप्रधान झाले. त्या अंतरिम मंत्रिमंडळात भारतीय व्यवहार खात्याच्या मंत्री म्हणून आयरीन जय नारायण यांची नेमणूक झाली.

प्रश्न साधा दिसतो : पद घ्यावं की नाही? खरी अडचण त्याखालची आहे. त्या मंत्रिमंडळात प्रत्येकाच्या मागे काही ना काही होतं. गानिलाऊ आणि मारा यांच्यामागे सरदारकी. राबुकांच्या मागे सैन्य, आणि गृहखातंही त्यांच्याकडेच. बाईंचं भांडवल आयुष्यभर एकच होतं, ते म्हणजे मत. ते एप्रिलमध्ये सुव्याने काढून घेतलं, आणि उरलंसुरलं मे महिन्यात बंडाने निरर्थक करून टाकलं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय बावाद्रांच्या आघाडीबरोबर बाहेर राहून लढण्याचा. आघाडीने परदेशी सरकारांकडे दाद मागितली. बावाद्रा लंडनलाही गेले, पण राणीने त्यांना भेट दिली नाही. बाईंसाठी हा रस्ता आणखी अरुंद होता. आठ महिन्यांपूर्वीच त्या आघाडीच्या विरोधात लढल्या होत्या. परत जायचं तर जुन्या पक्षात नाक घासून.

दुसरा, देश सोडण्याचा. हजारो भारतीयांनी तेच केलं. 1986 च्या जनगणनेत भारतीय 3,48,704 म्हणजे लोकसंख्येच्या 48.7 टक्के होते. 1996 मध्ये 3,38,818. दहा वर्षांच्या जन्मवाढीवरही आकडा खाली गेला यावरून किती जण गेले याचा अंदाज येतो.

तिसरा, राजकारणातून बाजूला होण्याचा. हा पर्याय लोक फार हलक्यात घेतात. वीस वर्षं सभागृहात असलेल्या माणसाचं बाहेरून बोलणंही त्या दिवसांत ऐकलं गेलं असतं, आणि त्याला कोणी सरकारचं मुखपत्र म्हटलं नसतं.

चौथा, पद घेण्याचा. बाजूने बोलायचं तर युक्तिवाद वजनदार आहे. मंत्रिमंडळात एकही भारतीय आवाज नसला तर वटहुकूम निघण्याआधी हरकत घेणारं कोणी उरत नाही. शिवाय मारा कट्टर नव्हते; ऑक्टोबरमधल्या राबुकांच्या मंत्रिमंडळात तर खुद्द बुटाद्रोका होते, त्या तुलनेत डिसेंबरचं मंत्रिमंडळ मवाळ. वाईटातलं बरं निवडायचं, तर हे.

पाचवा पर्याय याच्याच पोटातला : पद घ्यायचं, पण अटींवर आणि त्या अटी उघड करून. यावर खाली पुन्हा येऊ, कारण प्रकरणाची कळ तिथेच आहे.

काय केलं

बाईंनी चौथा पर्याय घेतला.

आता हे खातं जवळून पाहू. फिजीत त्या काळी भारतीयांच्या आयुष्यावर चार गोष्टींची पकड होती. जमीन : सुमारे 83 टक्के जमीन फिजीयन कुळांच्या मालकीची आणि तिचा कारभार नेटिव्ह लँड ट्रस्ट बोर्डाकडे. ऊसकरी शेतकरी तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यावर, 1976 च्या कायद्याखाली. सुरक्षा : पोलीस आणि सैन्य राबुकांच्या गृहखात्याखाली. सरकारी नोकऱ्या : लोकसेवा आयोगाकडे. घटना कशी असावी : सरदारांची महापरिषद आणि मंत्रिमंडळ. भारतीय व्यवहार खात्याच्या अखत्यारीत यांपैकी एकही नव्हती. जमिनीची तक्रार आली तर पत्र बोर्डाला, अटकेची आली तर गृहखात्याला. पाटी दारावर समाजाची, किल्ल्या मात्र इतरांच्या कमरेला.

एखाद्या समाजाच्या नावाचं खातं काढण्यात हाच धोका असतो. सगळ्या तक्रारी एका टेबलावर येतात आणि बाकीची टेबलं मोकळी होतात.

परिणाम

1988 मध्ये लौतोका शहरात शस्त्रांचा साठा सापडल्यावर अंतर्गत सुरक्षा वटहुकूम आला. तो त्याच वर्षअखेर स्थगित झाला. ऑक्टोबर 1989 मध्ये लौतोकात मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या तरुणांच्या टोळक्याने भारतीयांची प्रार्थनास्थळं जाळली. त्याच वर्षी भारताचे राजदूत टी. पी. श्रीनिवासन यांना देश सोडायला सांगण्यात आलं आणि 1990 मध्ये सुव्यातली भारतीय वकिलात बंद झाली. भारतीय व्यवहार खातं असलेल्या सरकारने भारताचीच वकिलात बंद पाडली, हा विरोधाभास त्या वेळी कोणाच्या नजरेतून सुटला नसणार.

सगळ्यांत मोठी कसोटी 25 जुलै 1990 ची घटना. सभागृह 70 जागांचं : फिजीयन 37, भारतीय 27, जनरल 5, रोतुमन (रोतुमा बेटाचे लोक) 1. राष्ट्रीय जागा काढून टाकल्या. नोकरशाहीत निम्म्या जागा फिजीयन आणि रोतुमनांना. अलायन्सच्या तिकिटावर बाईंनी ज्या राष्ट्रीय जागेचा आधार घेतला होता ती जागाच घटनेतून नाहीशी झाली. एका समाजाच्या उमेदवाराने दुसऱ्या समाजाच्या दारात मत मागायचं कारणच उरलं नाही.

मे 1992 मध्ये या घटनेखाली निवडणूक झाली. राबुकांच्या नव्या पक्षाला 30 जागा मिळाल्या, बहुमत नव्हतं. एनएफपी 14, लेबर 13. ज्यांची सत्ता राबुकांनी बंदुकीने घेतली होती त्याच लेबरच्या 13 मतांवर ते पंतप्रधान झाले, आणि बदल्यात घटनेच्या फेरविचाराचं आश्वासन देणं भाग पडलं. आश्वासनं पाळताना राबुकांनी बराच वेळ काढला, पण पुढे फेरविचार आयोग बसला, जय राम रेड्डी विरोधी नेते म्हणून राबुकांबरोबर वाटाघाटीला बसले आणि 1997 ची घटना त्यातून आली. अन्यायी घटनेखाली का होईना, निवडून आलेली 13 माणसं जे बोलू शकली ते नेमलेल्या मंत्र्याला बोलता आलं नाही. फरक हातात मत असण्याचा.

तुलनेला एक उदाहरण पुरेसं आहे. तौफा वाकाताले राबुकांच्या मंत्रिमंडळात होत्या. 1995 मध्ये फ्रान्सच्या अणुचाचण्यांविरुद्धच्या मोर्चात गेल्या म्हणून त्यांना मंत्रिपद सोडावं लागलं. पण त्या निवडून आलेल्या होत्या. त्या परतल्या आणि 1997 मध्ये उपपंतप्रधान झाल्या.

काय वेगळं करता आलं असतं

बाईंच्या निर्णयाला गद्दारी म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. हा निवाडा मला सोपा आणि थोडा आळशी वाटतो. मंत्रिमंडळाच्या आत काय अडवलं गेलं हे बाहेर दिसत नाही. न निघालेल्या वटहुकुमाची नोंद कुठे नसते. तरी तीन ठिकाणी दुसरी वाट होती असं माझं मत आहे.

पहिलं ठिकाण एप्रिल 1977. नेता निवडायला लागलेले ते दिवस पुढच्या सगळ्याचं मूळ आहेत. निकालाच्या आदल्या रात्रीच, बहुमत मिळालं तर नेता कोण आणि गव्हर्नर जनरलकडे कोण जाणार, हे कागदावर ठरायला हवं होतं. कोया नको असतील तर तो वाद निवडणुकीआधी काढायचा. निकालानंतर काढला की घड्याळ दुसऱ्याच्या हातात जातं.

दुसरं ठिकाण पक्षांतर. अलायन्सची जागा स्वीकारताना बाईंनी जिंकण्याचं गणित बरोबर मांडलं, हरण्याचं मांडलेलं दिसत नाही. अपक्ष म्हणून हरल्या असत्या तर दोन्ही बाजूंशी बोलायची मोकळीक राहिली असती. अलायन्सच्या चिन्हावर हरल्यामुळे डिसेंबरमध्ये मारांचं बोलावणं आलं तेव्हा नाही म्हणायला त्यांना स्वतंत्र पाय उरला नव्हता.

तिसरं, डिसेंबर 1987. इथे पाचवा पर्याय येतो. अशा मंत्रिमंडळात जाताना मागण्यासारख्या अटी ठरावीक होत्या : खात्याला स्वतःच्या हातात एखादी तरी किल्ली, उदाहरणार्थ भाडेपट्ट्यांच्या नूतनीकरणात बोर्डासमोर बसायचा हक्क, समाजाशी संबंधित वटहुकुमाचा मसुदा मंत्रिमंडळात येण्याआधी खात्याकडे पाठवण्याची सक्ती, घटनेच्या मसुद्यावर खात्याचं लेखी मत आणि ते प्रसिद्ध करण्याची मुभा, आणि यांपैकी एक अट मोडली की राजीनामा, हे शपथेच्याच दिवशी जाहीर. यातली एखादी अट मारांनी मान्य केली असती का, सांगता येत नाही. पण नाकारली असती तर नकारच जाहीर झाला असता, आणि बाईंना दाराबाहेर पडायला स्वतःची कारणं मिळाली असती. 1990 च्या घटनेत राष्ट्रीय जागा रद्द होताहेत हे कळल्याचा दिवस त्या राजीनाम्यासाठी नेमका होता. सुव्यात वीस वर्षं फिजीयन, चिनी, भारतीय सगळ्यांच्या मतांचा अभ्यास केलेल्या माणसाइतकं त्या जागांचं मोल दुसऱ्या कुणाला समजणार होतं?